जुना गेमिंग पीसी अपग्रेड करायचा की लॅपटॉप घ्यायचा?

नवा गेम अडखळायला लागला की वाटतं, हा डबा विकून टाकावा आणि सरळ गेमिंग लॅपटॉप घ्यावा. त्याआधी दोन गोष्टींचा छडा लावा: पीसी नेमका कुठे कमी पडतोय, आणि महिन्यातून किती दिवस तुम्ही खरोखर घराबाहेर खेळणार आहात. दुसऱ्याचं उत्तर ‘क्वचित’ असेल तर पैसे पीसीतच घाला.

पहिली तपासणी फुकटात होते. एमएसआय आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्राम टाका आणि सीपीयू (प्रोसेसर), जीपीयू (ग्राफिक्स कार्ड), तापमान व एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) स्क्रीनवर दिसतील असं करा. गेममध्ये एका ठरावीक जागी उभं राहून आकडे लिहून घ्या. मग रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. एफपीएस चांगलेच वाढले तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. होते तिथेच राहिले तर प्रोसेसर. एफपीएस ठीक असूनही मधूनच चित्र गोठत असेल तर रॅम किंवा कार्डाची मेमरी भरते आहे का, आणि गेम अजून हार्ड डिस्कवरच आहे का, ते बघा.

टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेगही पाहून घ्या. ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग, सुरूच केलेलं नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. एकच स्टिक असेल तर आधी तिची जोडी करा. मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डाला लावलेली हवी. एवढ्यानं भागलं तर खर्चाचा प्रश्नच मिटला.

आता खरी अडचण घेऊ. बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), असा २०१८-१९च्या सुमाराचा पीसी भारतात कितीतरी घरांत आहे. तो मोडीत काढू नका. याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो. तोही ६५ वॉटचा, आणि जुनी डीडीआर४ रॅम तशीच चालते. एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर गेलात तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही नव्यानं घ्यावी लागते, आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून तो रस्ता फार महागात पडतो.

कार्ड निवडताना एक बारकावा सांभाळा. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा मार्ग, आणि बी४५०वर त्याची जुनी, कमी वेगाची ३.० आवृत्ती आहे. आरटीएक्स ५०६०ला डेटाच्या आठच वाटा (लेन) आणि ८ जीबी मेमरी. मेमरी भरली की या बोर्डवर ते जास्त अडखळतं. आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं मॉडेल सोळा लेन वापरतं, शिवाय १६० वॉटवर भागतं. या बोर्डसाठी आमची पसंती त्यालाच. मात्र कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का ते मोजा, आणि एसएमपीएस बिननावाचा असेल तर ५५० वॉटचा चांगला घ्या. मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या केबल नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि ड्राइव्ह जळतात.

प्रोसेसर बदलायचा क्रम चुकवू नका. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) सुरू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, नाहीतर नव्या प्रोसेसरवर विंडोज ती मागेल आणि डेटा अडकेल. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. मग दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून प्लग काढा, आणि कूलर सरळ न उपटता आधी डावी-उजवीकडे हलका फिरवा. थंड पेस्ट गोंदासारखी धरते. कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवा प्रोसेसर सोन्याचा त्रिकोण जुळवून ठेवला की स्वतःच्या वजनानं खाली बसतो. दाबावं लागलं तर थांबा, एखादी पिन वाकडी असू शकते.

घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच पेलतो. त्यावर मॉनिटरही असेल तर हिशेब आधी करा.

लॅपटॉप कधी घ्यावा? हॉस्टेल, पेइंग गेस्टची खोली, सततची बदली, म्हणजे टेबलच कायमचं नाही तेव्हा. घेताना कार्डाच्या नावावर जाऊ नका, वॉट विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतं, आणि स्टिकर दोन्हींवर सारखाच. मक्स स्विच (ग्राफिक्स कार्ड थेट स्क्रीनला जोडणारा) आहे का, रॅम सोल्डर केलेली आहे की बदलता येते, तेही विचारा. बॅटरीवर गेम निम्म्या वेगानंही चालेल असं धरू नका. अडॅप्टर बरोबर न्यावाच लागतो, आणि दोन्ही मिळून तीन किलोच्या घरात जातात. रोज लोकलनं जाणाऱ्यानं ते ओझं एकदा खांद्यावर घेऊन बघावं.

बाहेर काम आणि घरी गेम अशी विभागणी असेल तर तिसरा मार्ग उत्तम: पीसी अपग्रेड करा आणि सव्वा-दीड किलोचा साधा लॅपटॉप घ्या. पीसीवर सनशाइन (गेमचं चित्र पाठवणारा प्रोग्राम), लॅपटॉपवर मूनलाइट (ते दाखवणारा) आणि दोन्हीकडे टेलस्केल (दोघांना इंटरनेटवरून खाजगीत जोडणारा) टाकलं की बाहेरूनही घरचा पीसी खेळता येतो. १०८०पी ६० एफपीएसला सुमारे २० एमबीपीएस लागतात, आणि ते घरच्या कनेक्शनच्या अपलोडमध्ये हवेत. पीसी राउटरला वायफायनं नव्हे, लॅन केबलनं जोडा. पीसी चालू ठेवावा लागतो, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा आणि बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावा. नाहीतर दुपारी लाइट गेली की संध्याकाळी बाहेरून काहीच लागत नाही.