ग्राउंडवर फोटो काढायला स्टँड न्यायचा की नको? आदल्या रात्रीची तयारी

दिवाळी झाली की आपल्या बेळगावकडं ग्राउंडं भरायला लागतात, लेले ग्राउंडवर फुटबॉल, सरदार ग्राउंडवर क्रिकेट, गावागावात लाइट लावून रात्रीची कबड्डी, आणि नवीन कॅमेरा घेतलेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, दादा, ट्रायपॉड आणू काय? म्हणून आदल्या रात्री बॅग भरताना काय काय बघायचं ते सगळं एकदा लिहून ठेवतो. एवढं खटपटीनं लिहायचं कारण म्हणजे आपल्या भागातल्या खेळाडूंचे चांगले फोटो कुणाकडंच नसतात, खानापूर नाहीतर चिकोडीकडचं पोरगं जीव तोडून खेळतं आणि त्याच्या घरी भिंतीवर लावायला ग्रुप फोटो सोडून काही नसतं.

बॅग उघडायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्टँड असतो तो वजन पेलायला, फोटो शार्प येतो तो शटरनं. आता हिशेब बघा, पळणारा पोरगा सेकंदाला साधारण 8 मीटर जातो असं धरा, तुम्ही 1/125 सेकंदाच्या शटरला फोटो घेतला तर तेवढ्या वेळात तो 6 सेंटीमीटरच्या वर सरकला, म्हणजे कॅमेरा सिमेंटच्या खांबाला बांधला तरी पोरगा पुसटच येणार, तेच 1/1000 ला तो फक्त 8 मिलिमीटर सरकतो. किक मारलेला बॉल सेकंदाला 25 मीटर गेला तर 1/1000 ला सुद्धा अडीच सेंटीमीटर सरकतो म्हणून बॉल गोल दिसायला पाहिजे असेल तर 1/2000 कडं जावं लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन पण तुमच्या हाताचा शेक काढतं, खेळाडूचं पळणं थांबवत नाही. त्यामुळं यादीत पहिलं काम सेटिंगचं, फुटबॉल हॉकीला दिवसा 1/1000 च्या खाली यायचं नाही, फोकस कंटिन्युअसवर म्हणजे खेळाडूमागं फिरता, बर्स्ट म्हणजे सलग फोटो चालू, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ती ऑटोवर सोडली तरी चालते. थोडा ग्रेन आलेला फोटो घरचे लोक आनंदानं ठेवून घेतात, हललेला कुणी ठेवत नाही.

मग लेन्स कुठली नेणार ते ठरवा, कारण स्टँडचं उत्तर तिथंच आहे. 70-200 मिलिमीटरची f/2.8 लेन्स असेल तर ती दीड किलोच्या आसपास, ती हातात धरून आरामात चालते, स्टँड घरीच ठेवा. सिग्माची 150-600 कंटेम्पररी 1.9 किलो, निकॉनची 200-500 कॉलरसकट (लेन्सभोवतीचं स्टँड लावायचं कडं) 2.3 किलो, वर कॅमेऱ्याची बॉडी धरली की तीन किलोला टेकतं, आणि फुटबॉल म्हणजे 45-45 मिनिटांचे दोन हाफ. पहिली वीस मिनिटं हात साथ देतात, मग कोपरं खाली यायला लागतात, मग माणूस कॅमेरा खाली ठेवून नुसती मॅच बघत बसतो आणि नेमका गोल तेव्हाच होतो. इथं मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, पाहिजेच पाहिजे.

ट्रायपॉड मात्र टच लाइनवर नकोच, यावर मी ठाम आहे. खेळ उजवीकडून डावीकडं क्षणात फिरतो, तुम्हाला दोन पावलं सरकायचं असतं, खाली बसायचं असतं, आणि ट्रायपॉडचे तीन पाय पसरलेले असतात तिथं धावत बाहेर आलेला विंगर अडकून पडला तर त्याचा गुडघा जातो. एका फोटोसाठी कुणाचा सीझन घालवायचा हक्क आपल्याला नाही. लाइन्समन पण त्याच पट्ट्यातून पळतो, त्याची वाट मोकळी ठेवायची. मोनोपॉड घेऊन सुद्धा लाइनीपासून चांगलं मागंच बसा आणि खेळाडू अंगावर येतोय असं दिसलं की कॅमेऱ्यासकट उचलून बाजूला व्हायची सवय लावा, एकच पाय असल्यामुळं ते जमतं.

ट्रायपॉडला काम आहे ते क्रिकेटमध्ये. पिच 20.12 मीटर, खेळ सगळा तिथंच, तुम्ही बाउंड्रीच्या बाहेर लांब, बॅट्समनच्या जागेवर फ्रेम लावून ठेवायची आणि बॉल पडायची वाट बघायची, दिवसभराची मॅच असेल तर पाठीला लई आराम मिळतो. पण हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा फिरता भाग, घट्ट आवळून ठेवू नका, आडवं फिरणं थोडं सैल पाहिजे, नाहीतर कॅच वर गेला की तुम्ही हेडशी झगडत बसणार. गिंबल हेड (लांब लेन्स तोलून धरणारं झोपाळ्यासारखं हेड) असेल तर उत्तमच, लांब लेन्स त्याच्यावर बोटानं फिरते. व्हिडिओ काढायचा असेल तर ट्रायपॉड न्या, त्यात वाद नाही. आणि एक, लेन्स जुनी असेल तर ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा, काही जुन्या लेन्सेस कॅमेरा अगदी स्थिर असताना उगीच दुरुस्ती करत बसतात आणि फोटो मऊ येतो. मोनोपॉडवर मात्र चालूच ठेवायचं, कारण मोनोपॉड डोलतोच. पॅनिंग, म्हणजे पळणाऱ्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवत फोटो, करणार असाल तर कॅननवर मोड 2 लावा, निकॉनच्या नवीन लेन्सवर स्पोर्ट मोड असतो, सिग्मावर पण मोड 2, म्हणजे आडवी हालचाल तो अडवत नाही.

कबड्डीला यातलं काहीच नको. कोर्ट पुरुषांचं 13 बाय 10 मीटर, खेळाडू हातभर अंतरावर, रेड 30 सेकंदांची, रेडरला पकडून सगळेच्या सगळे लाइनीबाहेर कोसळतात. कोपऱ्यात मांडी घालून बसा, 24-70 नाहीतर 50 किंवा 85 ची f/1.8 लेन्स, कोपरं गुडघ्यावर टेकवा, झाला तुमचा स्टँड. जमिनीवरून घेतलेला रेडरचा फोटो उभं राहून घेतलेल्यापेक्षा कितीतरी दमदार दिसतो, मागं पब्लिकची तोंडं येतात, पाय हवेत दिसतात. रात्रीच्या लाइटचा एक त्रास आहे तो आधीच माहीत असू दे, आपली वीज 50 हर्ट्झ, त्यामुळं बरेचसे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, 1/1000 ला फोटो घेतला की एक फ्रेम उजळ, पुढची काळपट पिवळी. कॅमेऱ्यात अँटी फ्लिकर ऑप्शन असेल तर चालू करून ठेवा, नसेल तर लांब बर्स्ट मारा आणि चांगली फ्रेम निवडा. आयएसओ 3200, 6400 ला घाबरू नका. खोखोचं पण तसंच, फक्त कोर्ट 27 मीटर लांब म्हणून 70-200 लागते, आणि पोलजवळ बसलात तर डाइव्ह समोर येते.

हॉकीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि 1956 आणि 1964 च्या ऑलिम्पिक गोल्ड टीमचे गोलकीपर शंकर लक्ष्मण हे याच मराठा रेजिमेंटचे, त्यामुळं हा खेळ आपल्याला परका नाही. मैदान 91.4 बाय 55 मीटर, 15-15 मिनिटांचे चार क्वार्टर, मध्ये विश्रांती मिळते म्हणून हात तेवढे दमत नाहीत पण बॉल फुटबॉलपेक्षा फारच जोरात येतो आणि दगडासारखा लागतो. गोलच्या अगदी मागं उभं राहू नका, कोपऱ्याकडं सरका, तिथून डी मधली, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलातली, गर्दी आणि गोलकीपरचं तोंड दोन्ही मिळतं, मोनोपॉडवर 400 च्या आसपास लेन्स लावून पेनल्टी कॉर्नरच्या वेळी कीपरवर फोकस धरून थांबा. अॅस्ट्रोटर्फ असेल तर मोनोपॉडचा टोकदार खिळा आत घ्या आणि रबरी बूट लावा, टर्फला भोक पडलं तर दुसऱ्या दिवशीपासून कुणीच आत सोडणार नाही. आपल्या तांबड्या मातीवर आणि ओल्या गवतावर मात्र खिळाच बरा, रबर घसरतो.

आता मोनोपॉड स्वतः, रात्रीच तपासायचा. सगळे सेक्शन बाहेर काढा, लॉक आवळा, वरून दोन्ही हातांनी दाब द्या, खाली घसरला तर लॉकमध्ये माती आहे किंवा झिजलाय. लेन्सला कॉलर असेल तर मोनोपॉड कॉलरच्या पायालाच लावायचा, बॉडीला नाही, नाहीतर सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथं, लटकतं. कॉलरचा स्क्रू किंचित सैल ठेवा म्हणजे उभी फ्रेम करताना लेन्स फिरते. कॅमेरा बसवायची प्लेट एका स्क्रूवर असेल तर ती हळूहळू फिरत जाते, ॲलन की बॅगेत टाकाच, आणि स्क्रू 1/4 इंच आहे का 3/8 ते बघून घ्या, छोटा अडॅप्टर कुठल्याही फोटोच्या दुकानात मिळतो पण मॅचच्या सकाळी मिळत नाही. हेड लावायचं असेल तर पुढंमागं झुकणारं साधं टिल्ट हेड घ्या, बॉल हेड लांब लेन्सखाली कुठल्याही बाजूला कलंडतं. हेड नसलं तरी चालतं, अख्खी काठी झुकवायची.

उंचीचं सांगतो, उभं राहून काढणार असाल तर व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या पातळीला, बसून काढणार असाल तर घरातच खुर्चीवर बसून उंची ठरवा आणि सेक्शनवर मार्करनं खूण करून ठेवा. मी स्वतः बसूनच काढतो, गुडघ्याच्या उंचीवरून काढलेला फुटबॉलवाला आभाळात उठल्यासारखा दिसतो आणि मागची गाड्यांची पार्किंग लपते. छोटा फोल्डिंग स्टूल नाहीतर जाड पोत्याचा तुकडा घेऊन जा, ओल्या ग्राउंडवर पँट वाचते. मोनोपॉडचं टोक शरीरापासून थोडं पुढं, आपले दोन पाय आणि त्याचा एक मिळून तिवई होते, डावा हात लेन्सच्या वर, चेहरा कॅमेऱ्याला दाबून. अर्धा तास गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर पॅनिंगचा सराव करा, 1/60, 1/125 ला, पन्नासात चारपाच निघाले तरी चांगलं समजा.

सोबतच्या वस्तू पटापट. दोन बॅटऱ्या चार्ज करून, दोन कार्ड रिकामी, लेन्सचा हूड, मऊ कापड, पाण्याची बाटली, टोपी, मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबर बँड, कारण खानापूरच्या बाजूला पाऊस विचारून येत नाही, जून ते सप्टेंबर तर छत्रीवाला मित्रच सोबत न्या. बाइकवरून जाणार असाल तर मोनोपॉड बॅगेच्या बाजूला उभा बांधा, आडवा ठेवला की गणपत गल्लीच्या गर्दीत कुणाच्या तरी पोटात जाईल. लाल बसनं निपाणी, चिकोडीकडं जात असाल तर बॅग मांडीवर, वरच्या रॅकवर लेन्स ठेवू नका.

ग्राउंडवर अर्धा तास आधी पोचा आणि पहिलं काम म्हणजे आयोजक आणि रेफरीला भेटणं. स्टँड वापरणार आहे, कुठं बसू, हे विचारा. रेफरी हुबळी धारवाडकडचा असेल तर कन्नडमध्ये विचारा, सर, इल्ली निल्लबहुदा, म्हणजे इथं उभं राहू का, एवढं एक वाक्य आलं तरी माणूस लगेच जागा दाखवतो. गावातल्या मॅचला मंडळाच्या एखाद्या मोठ्या माणसाला काका म्हणून हाक मारून सांगितलं की मागून कुणी सरका ओ म्हणून ओरडत नाही. ऊन पाठीवर येईल अशी बाजू धरा, संध्याकाळच्या मॅचला म्हणजे पश्चिमेकडची. शाळेच्या पोरांची मॅच असेल तर त्यांच्या सरांना विचारल्याशिवाय फोटो कुठं टाकू नका.

हाफ टाइमला चहाला जाताना मोनोपॉड गोलपोस्टला टेकवून जाऊ नका, एका पायावर तो उभा राहत नाही आणि लहान पोरं भोवती खेळत असतात, जमिनीवर आडवा ठेवा किंवा खांद्यावर घेऊन जा, लेन्सच्या कॉलरला पट्टा असेल तर आणखी बरं. घरी आल्यावर सेक्शन उघडून ओल्या फडक्यानं तांबडी माती पुसा, लॉक सुकू द्या मगच बंद करा, बॅटऱ्या चार्जला लावा, आणि खेळाडूंना कबूल केलेले फोटो त्याच रात्री पाठवा, आठवड्यानं पाठवलेल्या फोटोची त्यांना तेवढी मजा राहत नाही.