अमेरिकेचं यादवी युद्ध नकाशावर शिका, पाठ करू नका

आमच्या अभ्यासिकेत या युद्धाची, म्हणजे गुलाम ठेवणारी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली आणि उत्तरेशी लढली त्याची, कारणं विचारली की पोरं धडाधड सहा पॉइंट म्हणून दाखवतात आणि त्यातला पहिला हमखास 'राज्यांचे हक्क' असतो, म्हणजे दक्षिण गुलामगिरीसाठी नाही तर केंद्राच्या ढवळाढवळीविरुद्ध लढली असं. मला ते फार खटकतं, म्हणून मी कसं शिकवते ते लिहितेय.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून अमेरिकेचा कोरा नकाशा आणा, जेवढा मोठा मिळेल तेवढा. सोबत स्केचपेन, पेन्सिल, खोडरबर. आधी १८०३ चा लुइझियानाचा मुलूख रंगवा, राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या सरकारने नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला घेतला तो, देश एका सौद्यात जवळजवळ दुप्पट झाला हे डोळ्यांनी दिसतं आणि मग प्रश्न आपोआप येतो की इथं जी नवी राज्यं होणार तिथं गुलाम ठेवायचे की नाही. हा प्रश्न नकाशाच्या वरच लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच आहे. बाजूला दोन आकडे लिहा, १७९० ला गुलाम साधारण ७ लाख, १८६० ला जवळपास ४० लाख. मधे १७९३ ला सरकी काढायचं यंत्र आलं, म्हणजे आपल्याकडच्या जिनिंगमधलं जिन, आणि दक्षिणेला कापसासाठी माणसं आणि जमीन दोन्ही पुरेनात.

आता १८२० ची मिसुरी तडजोड. ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशावर पट्टीने रेघ मारा, मिसुरी सोडून तिच्या वर लुइझियानाच्या प्रदेशात गुलामगिरी नाही. ही रेघ पेन्सिलनेच मारायची बरं का, कारण १८५४ ला कॅन्सस-नेब्रास्का कायदा येतो आणि गुलामगिरीचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडतो, तेव्हा ती स्वतःच्या हाताने खोडायचीय. पोरं ती खोडतात ना तेव्हा कॅन्ससमधे रक्तपात का झाला ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याआधी १८४५ चं टेक्सास आणि १८४८ ला मेक्सिकोकडून घेतलेला मुलूख रंगवून घ्या.

राज्यांचे हक्क म्हणणाऱ्यांना १८५० चा पळून गेलेल्या गुलामांचा कायदा वाचायला द्या. उत्तरेतल्या राज्यांची इच्छा असो नसो, पळालेला माणूस धरून परत द्यायचा, आणि हा केंद्राचा कायदा दक्षिणेलाच हवा होता, मग तेव्हा राज्यांचे हक्क कुठे गेले? आमच्याकडे एका मुलीने विचारलं, मॅडम, १८६० ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला लिंकन आहे तिथली गुलामगिरी काढणारच नव्हता, मग दक्षिण फुटली का? एकदम बरोबर प्रश्न. तो फक्त नव्या प्रदेशात पसरू देणार नव्हता, आणि पसरणं थांबलं की आज ना उद्या ती संपणार हे मळेवाल्यांना कळत होतं. मिसिसिपी राज्याने तर फुटताना जाहीरनाम्यात गुलामगिरीचं कारण सरळ लिहूनच दिलंय.

लढाया थोडक्यात करा, एप्रिल १८६१ ला सम्टर किल्ल्यावरचा हल्ला, १८६३ ला लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा आणि गेटिसबर्गची लढाई, एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली याची शरणागती. पण १८६५ ला वही मिटू नका, प्लीज. १३, १४, १५ या तीन घटनादुरुस्त्या (गुलामगिरी बंद, नागरिकत्व, मताधिकार) १८७० पर्यंत झाल्या, आणि १८७७ ला दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतल्यावर काळ्यांचा मताधिकार एकेका राज्यात हिरावून घेतला. मुक्त झालेल्यांना जमीन तर मिळालीच नाही, मग अर्धेलीने शेती, बियाणं दुकानदाराकडून उधार आणि पीक आधीच गहाण.

हे ओळखीचं वाटतं ना? युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्या कापसाला सोन्याचा भाव दिला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली, युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पुढे सारा वाढला, कर्ज मिळेना, आणि मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्याच्या दोनच वर्षं आधी जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. ते अर्पणपत्र वर्गात मोठ्याने वाचा, मग गंज पेठेतल्या फुलेवाड्यात मुलांना घेऊन जा, आणि चौफुल्यावरून मोरगावला जाणार असाल तर वाटेत सुप्याला नक्की थांबा.