कॅनडा पीआरचं लँडिंग पुलावर करताय? गावातूनच या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या गावच्या पोराला किंवा पोरीला कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मंजूर झालं की शेवटची पायरी, म्हणजे लँडिंग, बहुतेकदा सीमेवरच्या एखाद्या पुलावर पार पडते. बफेलोहून पीस ब्रिज, नायगाराजवळ रेनबो ब्रिज, डेट्रॉइटहून अॅम्बॅसडर ब्रिज. गाडीनं पलीकडे जायचं, दोन काउंटरवर कागद दाखवायचे, अधिकाऱ्यासमोर सही करायची. सगळे कागद नीट असतील तर हे काम काही तासांत होतं. अडतं ते बहुधा आर्वी, दारव्हा, मेहकर, चिमूरकडच्या घरात राहून गेलेल्या गोष्टीमुळे, आणि ती पुलावर उभं राहून दुरुस्त होत नाही. म्हणून हे गावाकडच्या आईवडिलांनीही वाचावं.

सगळ्यात महागात पडणारी चूक : घरात माणूस वाढला आणि कळवलं नाही

अर्ज केला तेव्हा मुलगा अविवाहित होता. मंजुरी येईपर्यंत गावी लग्न उरकलं. किंवा सून बाळंतपणाला माहेरी आली, बाळ झालं आणि त्याच महिन्यात सीओपीआर, म्हणजे पीआर मंजुरीचा कागद, हातात पडला. अशा वेळी कागद मिळालाच आहे तर आधी लँडिंग करून घेऊ आणि बायको-बाळाला मागाहून बोलावू, असं ठरवू नका. अर्जापासून लँडिंगच्या क्षणापर्यंत कुटुंबात झालेला प्रत्येक बदल कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला कळवावाच लागतो. कुटुंबात बदल झाला का, असं काउंटरवरचा अधिकारीही विचारतो. जी व्यक्ती जाहीर केली नाही आणि जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे कुटुंब गटातून स्पॉन्सर करण्याची, म्हणजे नातेवाईक म्हणून बोलावण्याची, वाट कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांच्या कलम ११७(९)(ड) खाली सर्वसाधारणपणे बंद होते. माहिती लपवली असं ठरलं तर ५ वर्षं प्रवेशबंदी लागू शकते आणि पीआरही धोक्यात येतं.

आपल्याकडे इथे एक गैरसमज पक्का आहे : ग्रामपंचायतीत नोंद केली नाही म्हणजे लग्न झालं नाही. तसं नाही. सप्तपदी झाली किंवा बौद्ध पद्धतीनं मंगलपरिणय झाला की लग्न झालं, दाखला दोन वर्षांनी काढला तरी. फक्त साक्षगंध झालं असेल तर ते लग्न नव्हे, पण पुढची तारीख ठरवताना लँडिंगची तारीख समोर ठेवा.

बदल झालाच असेल तर लँडिंग थांबवा आणि खात्याच्या वेबफॉर्मवरून कळवा. लग्नाचा किंवा जन्माचा दाखला, नव्या माणसाचा पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि फी, हे झाल्यावर पुढचा कागद येतो. याला महिने लागतात. इथे वेळ खातो तो बाळाचा दाखला. बारसं होईपर्यंत नावाचा रकाना रिकामा राहतो आणि मग तो तसाच विसरला जातो. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं. ते लगेच चढवा, कारण पुढे पासपोर्टला हाच दाखला लागतो.

तारीख आणि आधी कोण

सीओपीआरवर मुदत छापलेली असते. ती बहुधा वैद्यकीय तपासणीच्या १२ महिन्यांवरून किंवा पासपोर्टच्या मुदतीवरून ठरते, जे आधी संपेल त्यावरून. ती वाढवून मिळेल असं धरून चालू नका. कापूस वेचून झाला की जाऊ, तुळशीचं लग्न आटोपलं की जाऊ, असं करता करता मुदत गेली तर बहुधा अर्ज पहिल्यापासून करावा लागतो.

मुख्य अर्जदाराआधी बायको-मुलांनी लँडिंग करायचं नसतं. सोबत चालतं, मागाहून चालतं. पण मागाहून येणाऱ्याच्या कागदाची मुदत वेगळी असू शकते, ती स्वतंत्र तपासा. सून गावी असेल तर तिला त्याच पुलावर आणायचा आटापिटा करू नका. पुलापर्यंत यायला अमेरिकेचा व्हिसा लागेल. आधी नवऱ्याचं लँडिंग होऊ द्या, मग तिनं पासपोर्टवरच्या पीआर व्हिसावर थेट टोरोंटोला उतरावं. तिकीट अमेरिकेत विमान बदलणारं नको, त्यालाही अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

नाव, सही, फोटो

सीओपीआरवरचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का, हे घरीच बघा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. पासपोर्टमध्ये ते गिव्हन नेममध्ये आहे की वगळलं आहे, यावर घोळ होतो. चूक दिसली तर आधीच कळवा, निदान काउंटरवर सही करण्याआधी बोला. सही झाल्यानंतर दुरुस्तीला आयएमएम ५२१८ हा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तोवर चुकीच्या नावानं पुढचे कागद निघत राहतात. घरी बसून सही करू नका, ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल तर ते आधी कळवा आणि जुना-नवा दोन्ही सोबत ठेवा, व्हिसा जुन्यात असतो.

पीआर कार्डाचा फोटो ५० बाय ७० मिलिमीटर असतो. तालुक्याच्या स्टुडिओत नुसता पासपोर्ट फोटो मागितला तर ३५ बाय ४५ चा मिळतो. माप कागदावर लिहून द्या. चेहरा हनुवटीपासून डोक्यापर्यंत ३१ ते ३६ मिलिमीटर हवा. प्रत्येकी दोन प्रती सोबत असू द्या.

सोनं आणि मागे राहिलेलं सामान

इमिग्रेशनचा काउंटर झाला की लोक खुशीत निघतात आणि कस्टमचा काउंटर विसरतात. त्याचं नुकसान तीन-चार वर्षांनी कळतं. पहिल्यांदा स्थायिक म्हणून शिरताना दोन याद्या द्यायच्या असतात : आज सोबत आणलेलं सामान, आणि मागाहून येणारं सामान. यासाठी बीएसएफ १८६ हा फॉर्म आहे, जुन्या लोकांच्या तोंडी बी-४. तुमच्या मालकीचं, ताब्यातलं आणि वापरलेलं सामान या यादीत असेल तर ते पुढे आणताना कर लागत नाही. यादीत नसेल तर सवलत हातची जाऊ शकते.

आता विचार करा, यादीत काय यायला हवं. न्यू जर्सीच्या घरातला सोफा तर येईलच. पण सुनेचं डोरलं, एकदाणी, पाटल्या, गोठ, आजीनं दिलेली पोत, हे सगळं यवतमाळच्या बँकेच्या लॉकरमध्ये असतं आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी गावाकडून यादी मागवा. दागिन्यांसाठी सराफाकडून लेटरहेडवर इंग्रजीत मूल्यांकन घ्या : दागिन्याचं वर्णन, कॅरेट, वजन, किंमत. वजन ग्रॅममध्येच लिहायला सांगा. तोळा म्हटलं तर कोणी ११.६६ ग्रॅम धरतो, कोणी १०, आणि कॅनडाच्या अधिकाऱ्याला दोन्ही कळत नाही. प्रत्येक दागिन्याचा स्वच्छ फोटो घ्या, मागे तारीख आणि सराफाची सही. नुसतं ‘सोन्याचे दागिने, १ डबा’ असं लिहिलं तर पुढे तोच डबा आहे हे सिद्ध कसं करणार? यादीच्या दोन प्रती टाइप करून न्या, किंमत कॅनेडियन डॉलरमध्ये. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, सामान येईल तेव्हा तीच दाखवायची आहे.

गावाकडून आलेल्या कुरड्या, सांडगे, तिखट, लोणचं गाडीत असेल तर विचारण्याआधी सांगा. न सांगितलेल्या खाण्यावर दंड होतो. परसबागेसाठी बियाणं नेऊ नका. पाटा-वरवंटा नेत असाल तर घासून धुवा, माती लागलेली वस्तू अडवली जाते.

पैसा : सातबारा चालत नाही

फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या केंद्रीय योजनेतून पीआर मिळालं असेल तर अधिकारी निधीचा पुरावा मागू शकतो. रक्कम कुटुंबातल्या माणसांवरून ठरते आणि दरवर्षी बदलते, जाण्याआधी ताजा आकडा बघा. लागतो तो हाताशी असलेला पैसा. १५ एकर ओलिताचं वावर असलं तरी सातबारा हा निधी नव्हे, आणि कर्ज काढून खात्यात टाकलेली रक्कमही चालत नाही. वडिलांनी पैसे दिले असतील तर ते परत करायचे नाहीत असं पत्र आणि बँकेची नोंद जोडा. जवळ १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची रोख, ड्राफ्ट असेल तर ती जाहीर करा. जाहीर केल्यानं त्यावर कर लागत नाही, लपवली तर जप्त होऊ शकते.

पुलावर

नकाशावर जवळचा पूल दिसला म्हणून निघू नका. नायगाराचा व्हर्लपूल पूल फक्त नेक्सस कार्डवाल्यांसाठी, म्हणजे आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांसाठी आहे. खेड्यापाड्यातल्या छोट्या चौक्या रात्री बंद असतात. मोठा पूल, आठवड्यातला कामाचा दिवस आणि सकाळची वेळ धरा. जे आधीच कॅनडात राहतात त्यांचं लँडिंग ऑनलाइन पोर्टलवर होतं, त्यांनी यासाठी सीमेवर जाऊ नये.

गाडीच्या खिडकीशी पहिलंच वाक्य ‘पीआर लँडिंगसाठी आलोय’ हे असू द्या. ‘फिरायला’ म्हणालात तर तिथेच गोंधळ सुरू होतो. लगेच परत जाणार का, असं विचारलं तर खरं सांगा, कामं आवरून कधी येणार तेही सांगा. प्रांताच्या नॉमिनेशनवर, म्हणजे शिफारशीवर, आला असाल तर त्याच प्रांतात राहायचा इरादा लागतो. अल्बर्टाचा कागद घेऊन टोरोंटोत घर घेतलंय म्हणू नका, आणि तसा बेत असेल तर निघण्याआधी सल्ला घ्या.

अमेरिकेत परतताना एच-१बीचा, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाचा, स्टँप संपलेला असेल तरी चालू आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाची नोंद) असल्यास ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा फेरीसाठी ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन, म्हणजे त्याच जुन्या स्टँपवर परत शिरण्याची सोय, मिळतं. मात्र त्या फेरीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ही सोय जाते. आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवा.

पीआर कार्ड कॅनडाबाहेर पाठवत नाहीत. मित्राचा पत्ता देणार असाल तर फ्लॅट नंबर आणि पिनकोडसह अचूक द्या आणि टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवायला सांगा, नाहीतर पाकीट परत जातं. पत्ता १८० दिवसांत दिला नाही तर फी भरून नव्यानं अर्ज करावा लागतो. कार्ड हाती येईपर्यंत पुन्हा कॅनडात शिरायचं झालं तर पासपोर्ट आणि सीओपीआर घेऊन खासगी गाडीनं या. बस, रेल्वे, विमानवाले कार्ड नसेल तर प्रवासाचं वेगळं कागदपत्र मागतात आणि ते नसलं की चढू देत नाहीत.