मन सावरताना पहिली कुंडी: नागपूरच्या हवेत

नैराश्यातून सावरणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी गुलाबाची रोपं आणून देऊ नका. एक पसरट कुंडी आणि मूठभर मेथीदाणे पुरेत. मेथी 3-4 दिवसांत उगवते, महिनाभरात खुडायला येते. थकलेल्या मनाला इतक्या लवकर काही हाती लागणं फार गरजेचं असतं. कोथिंबीर उगवायलाच 8 ते 15 दिवस घेते, ती नंतर.

इथली काळी माती नुसती भरली तर पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं शेणखत, एक भाग जाड रेती घ्या. कुंडी 6 इंच खोल, तळाला भोकं हवीतच. दाणे रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. पाण्याआधी मातीत बोट घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. रोपं बुडाशी नरम होऊन कोलमडली तर बहुतेकदा कारण जास्त पाणी आणि दाट पेरणी. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "माझ्या हातून काहीच जगत नाही" असं तो माणूस मनाला लावून घेतो.

सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा काम सकाळी 8 च्या आत, ग्रीननेटखाली. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी उन्हात घाम गाळू नये. शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांकडे जा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.