जर्मनीच्या खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरची कारकीर्द कशी मांडावी

तिसऱ्या-चौथ्या स्तरावर दहा-बारा वर्षं खेळलेल्या जर्मन मिडफिल्डरची नोंद करायला बसलं की पहिली फसगत लीगच्या नावापाशी होते. ‘रेगिओनाललिगा’ हे नाव तेच, पण तिची पायरी बदलत गेली. 1963 ते 1974 ती दुसऱ्या स्तरावर होती. मग वीस वर्षं हे नावच नव्हतं. 1994 ते 2008 ती तिसऱ्या स्तरावर होती आणि 2008 मध्ये ड्रिटे लिगा (म्हणजे ‘तिसरी लीग’) सुरू झाल्यापासून चौथ्या. तिच्या खालची ओबरलिगाही त्याच वर्षी चौथ्या स्तरावरून पाचव्यावर गेली. म्हणून तक्त्यात हंगाम, क्लब, लीग यांच्या शेजारी ‘स्तर’ हा रकाना आधी आखा आणि गोल नंतर भरा.

समजा, एका खेळाडूच्या नावापुढे 2007-08 आणि 2008-09 अशी दोन्ही वर्षं रेगिओनाललिगा आहे, क्लबही तोच. वरवर पाहता तो जागचा हललेला नाही. प्रत्यक्षात तो एक पायरी खाली आलाय. 2007-08 मध्ये रेगिओनाललिगाच्या दोन्ही गटांतले पहिले दोन संघ वर 2. बुंडेसलिगात (म्हणजे दुसऱ्या स्तरावर) गेले, तिसरा ते दहावा नव्या ड्रिटे लिगात आले आणि बाकीचे रेगिओनाललिगातच राहिले, म्हणजे आपोआप चौथ्या स्तरावर. अशा ओळीवर क्लबने कितवा क्रमांक मिळवला ते टिपून ठेवा.

हंगाम 1 जुलै ते 30 जून असा धरा. जानेवारीत क्लब बदलला असेल तर त्याच हंगामाच्या दोन ओळी करा. कॅलेंडर वर्षाप्रमाणे लिहिलंत की सामने दोनदा मोजले जातात. उसनवारीवर गेलेल्या खेळाडूच्या ओळीत मूळ क्लबही लिहा. क्लबच्या नावापुढे रोमन दोन असेल तर तो राखीव संघ. पूर्वी त्याच संघांना ‘आमाटोअरं’ म्हणत. हे संघ ड्रिटे लिगाच्या वर चढू शकत नाहीत, त्यामुळे ‘बायर्नकडून (म्हणजे बायर्न म्युनिककडून) खेळला’ असं कुठे वाचलं की ते मुख्य संघाकडून की राखीव संघाकडून, हे आधी विचारावं.

सामन्यांचे रकाने वेगळे ठेवा: लीग, डीएफबी पोकाल (म्हणजे जर्मनीचा राष्ट्रीय चषक), फरबांड्सपोकाल (म्हणजे प्रादेशिक संघटनेचा चषक) आणि चढती-उतरतीचे प्लेऑफ. चषकाचे आणि प्लेऑफचे सामने लीगच्या आकड्यात मिसळले की दोन ठिकाणचे आकडे कधीच जुळत नाहीत.

जुळत नसण्याचं दुसरं कारण रद्द झालेले सामने. मार्च 2022 मध्ये ट्युर्कग्युच्यू म्युनशेन या क्लबने ड्रिटे लिगातून मधेच माघार घेतली आणि त्यांचे सगळे सामने गुणतक्त्यातून काढले गेले. खेळाडू मात्र मैदानात उतरला होता, गोलही केला असेल. काही जण ते मोजतात, काही नाही. तुम्ही काय केलंत ते तळटीपेत सांगा. रेगिओनाललिगा बायर्नचा (म्हणजे बव्हेरिया राज्याच्या गटाचा) 2019-21 हा हंगामही असाच अडचणीचा: कोरोनामुळे दोन वर्षांवर ताणला गेला, तेव्हा त्याची एकच ओळ करा.

आता मिडफिल्डरचं माप. बचावफळीपुढे खेळणाऱ्या ‘झेक्सर’ची, म्हणजे सहा नंबरच्या जागेवरच्या माणसाची किंमत गोलांवरून काढणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. मिनिटं पाहा. ड्रिटे लिगात 20 संघ, 38 सामने, म्हणजे पूर्ण हंगाम 3420 मिनिटांचा. 30 सामने आणि 2500 मिनिटं म्हणजे पहिल्या अकरातला. 30 सामने आणि 700 मिनिटं म्हणजे शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी उतरवला जाणारा. 2020 च्या मे महिन्यापासून तीनऐवजी पाच बदली खेळाडू चालू लागले, त्यामुळे त्यानंतरचा नुसता सामन्यांचा आकडा जुन्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका. पिवळी कार्डंही टिपा. पाचव्या पिवळ्यावर एका सामन्याची बंदी येते, आणि झेक्सरच्या यादीतली एखादी गळलेली फेरी बहुतेक वेळा दुखापतीची नसून या बंदीची असते.

शेवटच्या ओळी सर्वांत विरळ असतात. ओबरलिगाच्या खाली मिनिटांची नोंद क्वचितच मिळते. तिथे सामने आणि गोल एवढंच लिहा. ‘श्पीलरट्रेनर’ असा उल्लेख दिसला तर तो खेळाडू-प्रशिक्षक. त्याच्या दोन ओळी करा, एक खेळण्याची, एक शिकवण्याची. श्मिट किंवा म्युलर असं सर्रास आढळणारं आडनाव असेल तर जन्मतारीख जुळवल्याशिवाय एकही ओळ चढवू नका.