आयेल्ट्स रायटिंग: 'जर्मन्स' बरोबर, मग 'चायनीजेस' चूक का?

नुकतीच आयेल्ट्सची, म्हणजे परदेशात जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी सुरू केलेल्यांसाठी लिहितोय, त्यातही आपल्या बडोद्यातल्या मराठी पोरांसाठी, कारण मी सयाजीगंजात पाच महिने क्लास केला, टेम्प्लेट्स ढीगभर पाठ केली, पण ही गोष्ट काही तिथे कळली नाही.

अकॅडमिक प्रकारातल्या रायटिंगच्या टास्क वनला, म्हणजे ग्राफ वगैरेंचं वर्णन लिहायच्या पहिल्या प्रश्नाला, साधारण 20 मिनिटं धरायची आणि कमीत कमी 150 शब्द लिहायचे, आणि ग्राफमध्ये देश सारखे येतात, कुठले टुरिस्ट किती आले, कुठले स्टुडंट्स किती. एका मॉक टेस्टमध्ये मी 'चायनीजेस', 'थ्री फ्रेंच' आणि 'द डच वॉज' असं लिहिलेलं. तिन्हीला लाल गोल आणि बाजूला एकच शब्द, ग्रामर. का चुकलं विचारलं तर सर म्हणाले लिस्ट पाठ कर.

घरी, दांडिया बाजारात, आत्या आलेली. तिची सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. गवार मोडता मोडता तिने वही बघितली आणि म्हणाली, "अरे, चायनीज मोठ्यांदा म्हण बघू. शेवटी काय ऐकू येतं?" म्हटलं ज. "डच?" च. "इंग्लिश?" श. "स्विस?" स. देशाच्या शब्दाच्या शेवटी असला आवाज असेल तर त्याला एस लागत नाही. "आता इंडियन, जर्मन, ग्रीक, इराकी म्हण." इथे शेवटी तसला आवाजच नाही, म्हणून सरळ एस लागतो, इंडियन्स, जर्मन्स, ग्रीक्स, इराकीज. (जर्मनचं जर्मेन करू नका, त्यातल्या मॅनचा माणसाशी काही संबंध नाही.) आणि कान वापरायचा, स्पेलिंग नाही. चेक रिपब्लिकवाल्यांच्या स्पेलिंगच्या शेवटी सी-एच आहे पण उच्चार क, म्हणून चेक्स.

मी विचारलं, मग बसचं बसेस कसं होतं गं? तर म्हणाली बस हे नाम आहे, आणि फ्रेंच, डच, इंग्लिश ही विशेषणं, त्यांच्या आधी 'द' लावून आख्खा समाज दाखवायचा, 'द रिच', 'द पुअर' म्हणतो ना तसंच. हे डोक्यात बसलं आणि माझे बाकीचे दोन लाल गोल आपोआप सुटले. आख्खा समाज म्हणजे अनेकवचन, म्हणून 'द डच आर', 'द फ्रेंच हॅव'. नुसतं 'फ्रेंच इज' म्हटलं की ती भाषा झाली. आणि आख्ख्या समाजातले तीन मोजता येत नाहीत, म्हणून 'थ्री फ्रेंच पीपल' लिहायचं. एकटा चिनी माणूस असेल तर 'अ चायनीज' म्हणू नका, कानाला उद्धट लागतं, पुढे पर्सन किंवा स्टुडंट जोडा.

आता जे खरंच पाठ करावं लागतं ते थोडंच आहे. स्पॅनिश, डॅनिश, स्वीडिश, फिनिश, पोलिश, टर्किश ही विशेषणं, पण माणसांना वेगळा शब्द आहे: स्पॅनियर्ड्स, डेन्स, स्वीड्स, फिन्स, पोल्स, टर्क्स. फिलिपिनोज लिहिताना पहिलं अक्षर एफ, देशाला मात्र पी-एच. आणि हे सगळे शब्द कॅपिटलनेच सुरू होतात, विशेषण असलं तरी, आपल्याकडे ती भानगडच नाही म्हणून हात चुकतो.

एक मात्र मनापासून सांगतो. ग्राफ टुरिस्टचा असेल तर 'द ब्रिटिश' लिहूच नका, त्याचा अर्थ आख्खे ब्रिटिश लोक असा होतो आणि ग्राफमध्ये तर फक्त फिरायला आलेले आहेत. 'ब्रिटिश व्हिजिटर्स', 'चायनीज व्हिजिटर्स', 'डच व्हिजिटर्स' लिहा. एस त्या व्हिजिटर्सला लागतो, देशाच्या शब्दाला हात लावायची गरजच पडत नाही, आणि आकडा जे सांगतो नेमकं तेवढंच वाक्यात येतं. मी दुसऱ्या अटेम्प्टला असंच लिहिलं.