नर्सरी आणि पाळणाघराचा खर्च: दिवाळीतच सुरू करायची तयारी

मुंबईत आई-वडील दोघेही नोकरी करत असतील, तर नर्सरीची चौकशी करण्याआधी एका कागदावर तास मांडावेत. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या आईचा दिवस प्रवासासह अकरा तासांच्या घरात जातो. नर्सरीचा वर्ग जेमतेम तीन तासांचा, आणि उरलेला सारा वेळ पाळणाघराचा किंवा आजीचा. शासकीय मदत आणि सवलती या दोन भागांना वेगवेगळ्या लागू होतात, आणि जी मदत वर्गाला मिळते ती पाळणाघराला बहुधा मिळत नाही. म्हणून कोणत्या तासांचा खर्च कोण उचलू शकेल, हे आधी ठरवावे आणि मगच कागदपत्रांना लागावे.

त्यानंतर दोघांनीही आपापल्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० कर्मचाऱ्यांची हीच अट आहे. ही संख्या सगळ्या कर्मचाऱ्यांची आहे, केवळ स्त्रियांची नव्हे, हे अर्जात स्पष्ट लिहावे. काही कार्यालये स्वतःचे पाळणाघर न चालवता जवळच्या पाळणाघराशी करार करतात किंवा शुल्काचा काही भाग परत देतात, परंतु त्यासाठी पावती लागते. शेजारच्या ताईंकडे मूल ठेवणाऱ्यांनी महिन्याची छापील किंवा सहीची पावती पहिल्या दिवसापासून मागून घ्यावी. वर्षअखेरीस एकदम मागितली तर ती मिळणे अवघड होते. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना बालशिक्षण भत्ता मिळतो. जानेवारी २०२४पासून तो दरमहा प्रति अपत्य २,८१२ रुपये ५० पैसे असून दोन अपत्यांपर्यंत लागू आहे, आणि त्यासाठी शाळेच्या प्रमुखांचे प्रमाणपत्र वर्ष संपताच घेऊन ठेवावे.

घरकाम करणाऱ्या, फेरीचा धंदा करणाऱ्या किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ५० कर्मचाऱ्यांच्या या नियमाचा काहीही उपयोग होत नाही, आणि पाळणाघराची गरज तर तिलाच सर्वाधिक असते. तिने प्रथम वस्तीतल्या अंगणवाडीत मुलाचे नाव नोंदवावे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण आणि ताजा आहार विनामूल्य मिळतो. अंगणवाडी अर्ध्या दिवसात सुटते, म्हणून ‘पाळणा’ योजनेतील अंगणवाडी-सह-पाळणाघर आपल्या प्रभागात आहे का, हे सेविकेला जरूर विचारावे. महापालिकेच्या बालवाड्या आणि मुंबई पब्लिक स्कूलचे पूर्वप्राथमिक वर्गही पाहून यावेत. केवळ महापालिकेची शाळा आहे म्हणून तिकडे न जाणे हा कुटुंबाने स्वतःवर ओढवून घेतलेला खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त काळजी शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांच्या, म्हणजे खासगी शाळांत सोडतीने मिळणाऱ्या विनाशुल्क प्रवेशाच्या, अर्जाची घ्यावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, त्यामुळे दोन पगारांची बहुतेक कुटुंबे तिच्याबाहेर राहतात. मात्र अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा वंचित गटांना ही मर्यादा लागत नाही, आणि हे ठाऊक नसल्याने अर्जच न करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. शाळेचा प्रवेशस्तर नर्सरी आहे की पहिली, हे आधी तपासावे. मुलाचा जन्मदाखला, पालकाचा जातीचा किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि राहत्या जागेचा पुरावा अर्ज सुरू होण्यापूर्वीच हाती हवा. भाड्याने राहणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे: केवळ नोटरी केलेला करार चालत नाही, तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला लागतो. आमच्या चाळीतल्या एका मुलीचे नाव सोडतीत आले होते, पण करार नोंदवलेला नसल्यामुळे पडताळणीत जागा गेली. तिच्या आईने कामावर खाडा करून तीन फेऱ्या मारल्या, तरी उपयोग झाला नाही. अर्जात नकाशावर घराची खूण नेमक्या इमारतीवर करावी, कारण शाळेपासूनचे अंतर त्या खुणेवरून मोजले जाते.

प्राप्तिकराची जुनी पद्धत स्वीकारणाऱ्यांना ‘८०-सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत दोन अपत्यांचे शिक्षणशुल्क वजा करता येते, आणि त्यात नर्सरीचे शुल्कही बसते; नव्या पद्धतीत ही सोय नाही. देणगी, बस आणि पाळणाघर यांचे पैसे वजावटीत येत नाहीत. म्हणून एकाच संस्थेत नर्सरी आणि पाळणाघर दोन्ही असल्यास शिक्षणशुल्क पावतीवर वेगळे दाखवायला सांगावे.

खासगी नर्सरीत सवलत मागण्यात संकोच बाळगू नये. भावंड त्याच शाळेत असणे, वर्षाचे पैसे एकरकमी भरणे किंवा कार्यालयाचा करार असणे, या कारणांवर अनेक ठिकाणी शुल्क कमी होते, पण विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही. एकरकमी भरण्यापूर्वी मध्येच बदली झाली तर किती रक्कम परत मिळेल हे लिहून घ्यावे, आणि मे महिन्यात नर्सरी बंद असताना पाळणाघर पूर्ण दिवसाचे किती घेणार, तेही त्याच कागदावर सहीनिशी नोंदवून घ्यावे.